ड्रॉवरमधले 41 पेच

मावशी, नमस्कार. आम्ही 6 वर्षं झाली जर्मनीत वुपर्टालला राहतो, नवरा मेकॅनिकल इंजिनिअर. आम्ही दोघंही दारूला शिवत नाही. पण गेल्या 2 वर्षांत याला फ्ली मार्केटमधून, म्हणजे जुन्या बाजारातून, जुने जर्मन कॉर्कस्क्रू, म्हणजे बाटलीचं बूच काढायचे पेच, गोळा करायचा नाद लागलाय. परवा मोजले तर 41 भरले. सासूबाई 3 महिन्यांसाठी सांगलीहून आल्यात, त्यांनी चमचे शोधताना नेमका तोच ड्रॉवर उघडला. तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलतात आणि रोज रात्री मुलाच्या तोंडाजवळ जाऊन वास घेतात. त्यात आता हा बाईच्या पायांच्या आकाराच्या एका कॉर्कस्क्रूसाठी 280 युरो द्यायला निघालाय. म्हणतो इन्व्हेस्टमेंट आहे. हे खरंच काही किमतीचं असतं का हा फसतोय? आणि सासूबाईंना काय सांगू?
– पेचात पडलेली

प्रिय पेचात पडलेली,

सही झकास केलीस. पेच म्हणजे स्क्रू आणि पेच म्हणजे पंचाईत, तुझ्या घरात दोन्ही आहेत आणि दोन्ही एकाच ड्रॉवरमध्ये. आधी हसून घेतलं त्याबद्दल सॉरी, पण सासूबाई वास घेतात ते वाचून माझ्या नाकात चहा गेला.

तू नेमकं योग्य बाईला विचारलंयस. मी 19 वर्षं तुझ्या शेजारच्या रेमशाइडला काढली, यांची नोकरी तिथे होती, आणि हाच किडा मला चावलेला. एकेकाळी माझ्याकडे 60 च्या वर कॉर्कस्क्रू होते, आता 14 आहेत. मधले कसे गेले ते पुढे येईलच.

आधी 280 युरोचं बघू, कारण तेवढंच घाईचं आहे, बाकी सगळं निवांत करायचं आहे. पायांचा कॉर्कस्क्रू हा खरा प्रकार आहे, नवरा भलतंसलतं काही आणत नाहीये. तुमच्या शेजारच्या झोलिंगेन गावच्या श्टाइनफेल्ड आणि राइमर यांनी 1894 साली रजिस्टर केलेलं ते डिझाइन, गुडघ्यापर्यंत पट्ट्यापट्ट्यांचे मोजे घातलेले दोन पाय, मिटले की मळसूत्र मांड्यांच्या मध्ये दडतं आणि उघडले की पायांचीच आडवी मूठ होते. त्या काळातल्या पुरुषांचा खिशातला चावट विनोद, बाकी काही नाही. गंमत म्हणजे आज संग्राहक याच्या फार मागे लागतात, आणि जिथे सगळे मागे लागतात तिथे नकली माल आलाच.

तर त्याला सांग, आधी हातात घेऊन बघायचं, फोटोवरून पैसे टाकायचे नाहीत. ते पाय सेल्युलॉइडचे असतात. सेल्युलॉइड म्हणजे जुने टेबल टेनिसचे बॉल व्हायचे ना, तेच. अंगठ्याने जोरात चोळून गरम केलं की बारीकसा कापराचा वास येतो कारण त्यात कापूर असतोच. पट्टे वरून ब्रशने ओढल्यासारखे वाटले, कडेला रंगाचा ओघळ दिसला तर हात आखडता घे म्हणावं. बिजागरीपाशी आणि पोटऱ्यांवर सव्वाशे वर्षांची झीज हवी, सगळं कोरं करकरीत आणि फक्त मळसूत्रावर गंज असला तर तो गंज आणलेला आहे. आणि कुणीतरी त्याला सांगेल की सुई तापवून टोचून बघ, खरं असेल तर कळतं. कळतं ना, भडका उडाला की कळतं! सेल्युलॉइड हा फिल्मच्या जुन्या रिळांचा सख्खा भाऊ, पुण्यात 2003 मध्ये जुन्या फिल्मच्या साठ्याला आग लागून प्रभातच्या काळातले सिनेमे गेले, तो हाच पदार्थ. त्यामुळे पाय घरी आलेच तर स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये गॅसशेजारी अजिबात नकोत. हवाबंद डब्यातही नकोत, कारण म्हातारं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारच्या लोखंडाला खातं.

आणि इन्व्हेस्टमेंट हा शब्द घरात वापरायचा नाही असा नियम कर. घेतो 280 ला, विकायला काढला की कमिशन जातं, पोस्टेज जातं, आणि घेणारा त्या दिवशी भेटला तर भेटला. नवऱ्याला ते आवडलेत म्हणून घ्यायचेत एवढं कबूल करायला काय हरकत आहे, आवडणं हे पुरेसं कारण आहे, पण मग ते आवडीच्या पैशातून येऊ दे, एफडीच्या नाही.

आता तू विचारलंस की हे खरंच काही किमतीचं असतं का. असतं, पण ती किंमत युरोत सांगता येत नाही, ती हातात धरूनच कळते, म्हणून जरा लांबण लावते, सहन कर.

वाइनचं बूच बाटलीत घालायच्या आधी साधारण 24 मिलिमीटर जाड असतं आणि बाटलीच्या गळ्याचं भोक असतं साडेअठराच्या आसपास. म्हणजे ते दाबून कोंबलेलं असतं आणि आत गेल्यावर फुगून चिकटून बसतं. ते सरळ ओढून काढायला 20 ते 40 किलोचा जोर लागतो. तांदळाचं 25 किलोचं पोतं एका मुठीने उचलायचं, आणि तेही बाटली दोन पायात धरून, असं समज. पूर्वी असंच काढायचे, इंग्रजी टी सारखी मूठ आणि खाली मळसूत्र, बास. ते मळसूत्रही मुळात बाटलीसाठी नव्हतंच, ठासणीच्या बंदुकीत अडकलेली गोळी किंवा चिंधी बाहेर काढायला सैनिक जो स्क्रू वापरायचे त्याचा हा वंशज, बूच काढायच्या पोलादी किड्याचा, म्हणजे मळसूत्राचाच, लेखी उल्लेख इंग्लंडात 1681 मध्ये सापडतो. तिथेच 1795 मध्ये हेन्शल नावाच्या एका पाद्र्याने पहिलं पेटंट घेतलं. पाद्र्याने! हे सासूबाईंना नको सांगू.

जर्मन मंडळी या खेळात उशिरा आली पण आली ती पूर्ण तयारीने. 1877 मध्ये बर्लिनला साम्राज्याचं पेटंट ऑफिस सुरू झालं आणि 1891 च्या ऑक्टोबरपासून त्यांनी एक धाकटा प्रकारही चालू केला, छोट्या सुधारणेसाठी स्वस्तातलं रजिस्ट्रेशन, फार तपासणी नाही, आधी 3 वर्षांचं संरक्षण आणि मग आणखी 3 वाढवून मिळायची. मग काय विचारता. झोलिंगेनच्या, तुझ्या वुपर्टालमधल्या बार्मेनच्या, तिकडे थुरिंगियातल्या श्टाइनबाख-हालेनबेर्गच्या प्रत्येक लोहाराला आणि कारखानदाराला वाटायला लागलं की आपल्याकडे बूच काढायची नवी युक्ती आहे. कोणी स्प्रिंग घातली, कोणी घंटा लावली, कोणी बेअरिंग. 20 ते 40 किलोचा तो जोर माणसाच्या खांद्यावरून काढून यंत्रावर कसा टाकायचा, या एका प्रश्नाला शेकडो लोकांनी शेकडो उत्तरं दिलीत, आणि ती उत्तरं आज फ्ली मार्केटमध्ये गंजक्या चमच्यांच्या खोक्यात पडलेली असतात. तुझा नवरा मेकॅनिकलचा, त्याला नाद लागणार नाही तर कोणाला लागणार ग.

त्या 41 मध्ये एक असा नक्की असेल, शोध. आडवी लाकडी मूठ, खाली लोखंडी चौकट, दांड्यावर स्प्रिंग. चौकट बाटलीच्या तोंडावर टेकवायची आणि मूठ फिरवत राहायचं. मळसूत्र बुचात उतरत जातं, थोड्या वेळाने मूठ चौकटीला येऊन भिडते, आता तिला खाली जायला जागाच नाही. पण तू फिरवणं थांबवायचं नाही. मळसूत्र आणखी आत घुसायला बघतं, घुसता येत नाही, मग बूचच त्याच्या आट्यांवरून वर चढायला लागतं, हळूहळू, गोल न फिरता, जिना चढल्यासारखं. स्प्रिंग दबलेली असते ती खालून हातभार लावते. तू ओढत काहीच नाहीस, नुसती फिरवतेयस. पहिल्यांदा हे हाताला कळतं ना तेव्हा माणूस आपोआप हसतो, मी लिहून ठेवते, सासूबाईसुद्धा हसतील. घंटेचा प्रकारही याच तत्त्वावर, फक्त चौकटीच्या जागी पोकळ घंटा, जर्मनमध्ये ग्लॉके म्हणतात.

मग पुढची अडचण, मूठ चौकटीवर घासते आणि फिरवायला जड जाते. म्हणून मध्ये छर्रे घातले, कूगेललागेर, आपलं बॉल बेअरिंग. सायकलच्या चाकात जे असतं ते चक्क बूच काढायला. त्याच्या पुढची अडचण तर फारच घरगुती आहे, बूच निघालं पण चौकटीच्या आत मळसूत्राला अडकून बसलं, आता ते काढायचं कसं, बोटं आत जात नाहीत. झोलिंगेनच्या एडुआर्ड बेकरने 1893 मध्ये यावर पेटंट घेतलं, कोलंबुस नावाने विकायचे ते. त्याची चौकट मधोमध चिरलेली असते, बिजागरीवर दोन फाका उघडतात शेंगेसारख्या, बूच चिमटीत धरा, मूठ उलटी फिरवा, सुटलं. माझ्या 14 मधला एक तो आहे. निकेलचा मुलामा खांद्याशी उडालाय, आतलं लोखंड काळपट दिसतं, एका फाकेची बिजागरी किंचित सैल आहे त्यामुळे मिटताना टक् असा आवाज न येता टक्-टक् असा दोनदा येतो. मी तो वर्षातून दोनतीन वेळा नुसता उघडमिट करते. काही नाही, बरं वाटतं.

आणि ज्याला सगळे वेटरचा कॉर्कस्क्रू म्हणतात, मिटवता येणारा, एका टोकाला बाटलीच्या काठावर टेकवायचा खूर, तो रोस्टॉक बंदरातल्या कार्ल वीन्के नावाच्या माणसाचा, 1882 चं जर्मन पेटंट. आज जगातल्या कुठल्याही हॉटेलात वेटरच्या खिशातून निघतो तो तोच, दीडशे वर्षं होत आली, फारसा बदललेला नाही. या एका कारणासाठी मला तो पायांच्या कॉर्कस्क्रूपेक्षा मोठा वाटतो, आणि जुना चांगला नग पायांच्या मानाने फार स्वस्तात मिळतो. नवऱ्याला हळूच सुचवून बघ.

आता खरं दुखणं. तुझ्या पत्रात एक वाक्य नाहीये ते मला खटकलं. 41 आहेत लिहिलंस, पण 41 कोणकोणते ते नाही लिहिलंस, कारण तुला माहीत नाहीत आणि मला दाट संशय आहे की त्यालाही माहीत नाहीत. तो आणतो, चार दिवस बघतो, ड्रॉवरमध्ये टाकतो, पुढच्या रविवारी परत जातो. माझंही हेच चाललेलं. नवीन आणायची मजा वेगळी आणि असलेलं ओळखायची मजा वेगळी, पहिली पटकन लागते म्हणून माणूस तिच्यातच अडकतो. तू भांडू नकोस, फक्त एवढं म्हण की 42वा यायच्या आधी 41 ची वही झाली पाहिजे. शंभर पानी साधी वही. एक पान एक नग. कुठे घेतला, कितीला, काम कसं करतो, अंगावर काय कोरलंय. पेन्सिलने बाजूला चित्र काढलं तर उत्तमच, इंजिनिअर आहे, काढेल.

अंगावर काय कोरलंय हे वाचायला शिकला की त्याचा निम्मा वेळ मार्केटमध्ये न जाता घरीच टेबलावर भिंग घेऊन जाईल, बघच तू. डी.आर.पी. म्हणजे राइशचं, त्या जुन्या जर्मन साम्राज्याचं, पेटंट, 1877 नंतरचं. डी.आर.जी.एम. म्हणजे ते धाकटं रजिस्ट्रेशन, म्हणजे ऑक्टोबर 1891 च्या आधीचं असूच शकत नाही, कोणी विकणारा म्हणाला की हा 1850 चा आहे आणि अंगावर डी.आर.जी.एम. आहे तर गोड हसून पुढे व्हायचं. डी.बी.पी. किंवा डी.बी.जी.एम. दिसलं की दुसऱ्या महायुद्धानंतरचं, बी म्हणजे बुंड, आत्ताचं प्रजासत्ताक. वेस्ट जर्मनी लिहिलं असेल तर 1949 नंतरचं. गेजेत्सलिश गेशुत्स्ट किंवा त्याचं आखूड रूप असेल तर कायद्याने संरक्षित एवढाच अर्थ, त्यावरून साल कळत नाही. नुसतं बार्मेन कोरलेलं सापडलं तर मात्र जपून ठेवा, बार्मेन आणि एल्बरफेल्ड वगैरे गावं 1929 मध्ये एकत्र केली आणि वर्षभराने त्याला वुपर्टाल नाव दिलं, म्हणजे तुमच्याच गावाचा आधीचा जन्म तो.

आणि इंग्रजीत मेड इन जर्मनी असेल तर त्याची गोष्ट सासूबाईंना आवडेल. 1887 मध्ये इंग्रजांनी कायदा केला की बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घाला, कारण झोलिंगेनवाले स्वस्त चाकू-कात्र्या इंग्लंडातल्या शेफिल्डच्या नावाने खपवतात अशी ओरड होती. म्हणजे तो शिक्का होता बदनामीचा, गिऱ्हाइकाला सावध करायला. पुढे त्याच शिक्क्याचं काय झालं ते तुमचा पगार सांगतोच.

एक चूक मात्र सगळे करतात ती तुम्ही नका करू. नंबरवरून जे साल निघतं ते रजिस्ट्रेशनचं, त्या नगाचं नाही. 1894 ला नोंदवलेली वस्तू पुढे कित्येक वर्षं बनत राहिलेली असू शकते. डी.आर.पी. नंबर असेल तर जर्मन पेटंट ऑफिसच्या डेपाटिसनेट नावाच्या फुकट साइटवर जुनं पेटंट चित्रासकट मिळतं, 1877 पासूनची आहेत, नवरा एकदा त्यात घुसला की जेवायला हाक मारावी लागेल. डी.आर.जी.एम. ची मात्र कागदपत्रं तशी छापलेली नाहीत, तिथे नंबर आणि अंदाज यावरच भागवायचं.

खर्चाला कुंपण कसं घालायचं? कॉर्कस्क्रू संग्राहकांची एक जुनी आंतरराष्ट्रीय मंडळी आहे, 1974 मध्ये सुरू झालेली, सभासद फक्त 50, स्वतःला ते कॉर्कस्क्रूचे व्यसनी असंच म्हणवतात, नावातच आहे. त्यांच्यात प्रथा अशी की दर वर्षी प्रत्येकाने त्या वर्षात मिळालेले आपले सर्वोत्तम 6 बाकीच्यांना कळवायचे. मी ही युक्ती उचलली आणि उलटी लावली. वर्षाच्या शेवटी वर्षभरातले 6 निवडायचे, बाकीचे पुढच्या मार्केटला विकायचे किंवा अदलाबदल करायचे. पहिल्या वर्षी मला रडू येत होतं खरंच, सहावा आणि सातवा यात दोन दिवस घातले. तिसऱ्या वर्षी कळलं की मी मुळातच कमी आणतेय, कारण हा सहात बसेल का हा प्रश्न आता स्टॉलवरच पडायला लागला. 60 चे 14 असे झाले. याच्या जोडीला महिन्याची एक रक्कम ठरवा, तू आणि तो मिळून, आणि न खर्चलेली पुढच्या महिन्यात जाऊ दे, म्हणजे पायांसाठी त्याला साठवावे लागतील आणि साठेपर्यंत ते खरंच हवेत का हेही कळेल.

स्टॉलवर काय बघायचं तेही पटकन सांगते. सगळ्यात आधी मळसूत्राचं टोक, ते तुटलेलं किंवा घासून बोथट झालेलं असलं तर नग कितीही देखणा असो, खाली ठेवायचा. मग दांड्याचं वरचं टोक मुठीतून आरपार येऊन जिथे ठोकलेलं असतं तिथे बघायचं, ते चकचकीत नवं असेल तर मूठ बदललेली आहे. काहींच्या मुठीत एका टोकाला छोटा ब्रश असतो, बाटलीच्या तोंडावरचा लाखेचा चुरा झाडायला, तो बहुतेक वेळा केस गळून टक्कल पडलेला असतो, असू दे तसाच, नवे केस खोचलेला ब्रश म्हणजे म्हाताऱ्याने केस काळे केल्यासारखं दिसतं. आणि जर्मन विक्रेत्याशी घासाघीस करताना शेवटची किंमत बोला असं पहिल्याच वाक्याला विचारायचं नाही, फार चिडतात ते. आधी वस्तूबद्दल दोन शब्द बोला, कुठून आली विचारा, मग आपोआप पाच युरो कमी होतात.

आता सासूबाई. मुलगा दारू पीत नाही हे तोंडाने सांगून उपयोग नाही, पिणारेही तेच सांगतात. त्यांच्या दृष्टीने बघ ना, परक्या देशात मुलाच्या घरी 41 बाटल्या उघडायची हत्यारं सापडली, कोणत्या आईच्या पोटात गोळा येणार नाही? तुला विचारते, सांगलीच्या घरी अडकित्ता आहे का? असणारच. बहुतेक त्यांच्या सासूबाईंचा, पितळी. पुण्यात केळकर म्युझियममध्ये केवढे अडकित्ते जमवून ठेवलेत, मोराचे, घोड्याचे, बायकांच्या आकृतीचे, ते बघून कुणी म्हणालं का की दिनकर केळकर रोज उठून शंभर सुपाऱ्या खात होते?

आणि नुसतं दिसण्यापुरतं साम्य नाही बरं का. अडकित्त्यात बिजागरी एका टोकाला, सुपारी तिच्या जवळ, हात दुसऱ्या टोकाला. त्या रोस्टॉकवाल्याच्या कॉर्कस्क्रूत टेकू एका टोकाला बाटलीच्या काठावर, बूच त्याच्या जवळ, हात दुसऱ्या टोकाला. तरफ एकाच जातीची! नवऱ्याला सांग हे आईला समजावून द्यायचं काम त्याचं आहे तुझं नाही, आणि तेही बोलून नाही, करून. एक रिकामी बाटली स्वच्छ धुवा, त्यात कोकम सरबत भरा, बाउमार्क्टमधून, म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून, निमुळती बुचं आणा, हाताने ठोकून घट्ट बसवा. मग ड्रॉवर बाहेर काढून अख्खा टेबलावर ठेवा आणि स्प्रिंगवाला आधी त्यांच्याच हातात द्या. तू फिरवून दाखवू नकोस, त्यांना फिरवू दे. बूच वर चढलं की मग तो अडकित्त्याचा विषय काढायचा. लपवलेला ड्रॉवर आणि टेबलावर मांडलेला ड्रॉवर यात फार फरक असतो ग, आत्तापर्यंत तुम्ही तो लपवला नसेल पण दाखवलाही नाहीत.

पाय मात्र त्या दिवशी नकोत. घरात आले असले तरी नकोत. त्या स्वतःच पुढे कधीतरी शोधतील आणि मला वाटतं तुमच्यापेक्षा जास्त हसतील, त्या पिढीतल्या बायका आपण समजतो तितक्या सोवळ्या नसतात, पण पहिल्या भेटीला नको.

हवा बरी असेल त्या रविवारी त्यांना झोलिंगेनला घेऊन जा. ग्रेफ्राट भागात जुन्या मठाच्या इमारतीत क्लिंगेनम्युझियम आहे, तलवारी, चाकू, काटे-चमचे, फोविंकेलहून ट्रॉलीबसने जाता येतं. येताना मुद्दाम वाकडी वाट करून रेमशाइडमार्गे एस 7 लोकल पकडा, वाटेत म्युंगस्टेनचा 1897 चा लोखंडी रेल्वे पूल लागतो, दरीपासून 107 मीटर उंच, खिडकीशी त्यांना बसवा. लोखंडाचं वेड या सगळ्या खोऱ्यालाच लागलेलं होतं, त्यात आपला मुलगा पडला एवढंच, हे त्यांना त्या पुलावर न सांगता कळेल. नुसते कॉर्कस्क्रूच बघायचे तर फ्रायबुर्गजवळ काइझरश्टुलच्या द्राक्षमळ्यांत बुर्कहाइम गावात त्यांचं वेगळं म्युझियम आहे, पण ते लांब पडतं आणि वाटेत वाइनच वाइन, या खेपेला राहू दे.

शेवटी साफसफाई, कारण सासूबाईंचं मन वळलं की त्यांचा पहिला उद्योग तोच असणार, मला खात्री आहे. चिंच लावू देऊ नकोस. मी स्वतः हे पाप केलंय, एक निकेलचा मुलामा दिलेला कॉर्कस्क्रू पितळेचा समजून रात्रभर चिंचेत ठेवला आणि सकाळी तारेच्या घासणीने घासला. मुलामा पापुद्र्यांनी निघाला आणि त्याच्याबरोबर डी.आर.जी.एम. चा नंबरही गेला, फक्त शेवटचा 8 का 3 तेवढा उरला. आता तो कोणाचा, कधीचा, काही कळायला मार्ग नाही. गंज असेल तर थेंबभर रॉकेल, जुना सुती कपडा आणि पेशन्स, नंतर शिलाई मशीनचं तेल अगदी पुसटसं. लाकडी मुठीला मेणाचं पॉलिश चालेल. सेल्युलॉइडला यातलं काहीही लावायचं नाही, कोरडा मऊ कपडा, बास.

आणि सासूबाई खोबरेल तेलाची बाटली घेऊन येतील, तिला प्रेमाने अडव. स्प्रिंगमध्ये आणि त्या छर्ऱ्यांच्या बेअरिंगमध्ये खोबरेल गेलं की सांगलीत चालेल एक वेळ, पण तुमच्याकडे ऑक्टोबर लागला की आत गोठून बसेल आणि मूठ फिरायची नाही.

– मावशी